बुधवारची पाठवणी

आमच्याकडे दिवाळी नव्हती, पण दिवाळीची सुट्टी होती. धम्म घेतला तेव्हा बाबांनी देवांबरोबर पंचांगही घराबाहेर काढलं होतं. सुट्टी मात्र सरकारी, तिला कसला आलाय धर्म? त्या सुट्टीत ताई उमरीकडच्या सासरहून लातूरला आमच्याकडे आली आणि शाळा उघडल्या, थंडी पडली, तरी परत गेली नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत बाबांची नांदेडहून बदली झाली होती आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. जिल्हा झाला म्हणून पाऊस पडत नसतो, हे आई बाबांना उठता-बसता ऐकवायची. तरी गल्लीच्या तोंडाशी नळ होता, एक दिवसाआड का होईना पाणी यायचं. ताईच्या सासरी आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरावी लागे. गेल्या साली त्याच विहिरीच्या पायऱ्यांवर ती घसरली आणि पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

दुपारी ती दारातल्या उन्हात पाय पसरून झोपायची. दिवेलागणीला आई शेगडी पेटवायची आणि आम्ही तिघी एकाच वाकळेत गुरफटून बसायचो. निखाऱ्यावर कडक केलेली भाकरी, लसणाची चटणी. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फार सुख होतं त्यात, आणि ते टिकणार नाही हे तिघींनाही कळत होतं.

एका दुपारी तिचे सासरे आले. तेही आमच्यातलेच, शांत माणूस. पाणी प्यायले, पेला जपून खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाईला न्यायला आलो. घरी पाण्याला माणूस न्हाई. सातव्यात पाठवू की बाळंतपणाला."

आईनं बाबांकडं पाहिलं. वार-तिथी पाळणाऱ्या शेजाऱ्यांची जन्मभर टिंगल केलेले बाबा म्हणाले, "आज बुधवार हाय. बुधवारी लेक पाठवत न्हाईत."

सासरे बघतच राहिले. "इवाई, तुमी कवापासून वार बघून राहिले?"

बाबांचे कान लाल झाले. "घरच्यांचं असतंय," म्हणत त्यांनी ते आईवर ढकललं. सासरे हसले आणि मुक्कामाला राहिले.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीत आई दबक्या आवाजात म्हणाली, "सरळ न्हाई म्हणा की. बाळंत होऊस्तोवर राहू द्या म्हणा."

"लेकीचा बाप हाय मी," बाबा म्हणाले.

देव बाहेर काढताना हा माणूस अख्ख्या गावाला भ्याला नव्हता. व्याह्यापुढं मात्र त्याची जीभ उचलत नव्हती. मला बाबांचा इतका राग कधीच आला नव्हता.

सकाळी ताई पिशवी घेऊन दारात आली. तिनं बाबांकडं पाहिलं आणि पाहतच राहिली. बाबांनी घसा साफ केला. आई चुलीपासून उठून उभी राहिली.

"थंडी लई हाय," बाबा सासऱ्यांना म्हणाले. "ऊन वर आल्यावर निघा."

ताईनं पिशवी खाली ठेवली नाही. ऊन वर येईपर्यंत ती तशीच दारात उभी राहिली आणि मग सासऱ्यांच्या मागं निघाली.