सोयरिकीचा गूळ

लटारू ढिवर आयुष्यभर दोनच गोष्टींवर भाळला, तलाव आणि गूळ. बायकोवरही भाळला असेल, पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. आरमोरीच्या बाजारात मासे विकले की गुळाचा खडा घेऊन घरी यायचा आणि त्यातला मोठा तुकडा नातीच्या तोंडात घालायचा. नात म्हणजे कुंता. ती अंगावर पीत होती तेव्हाच आई पटकीनं गेली, मागोमाग बापही. म्हाताऱ्यानं तिला मासेमारीच्या होडीत, आपल्या डोंग्यात बसवून वाढवलं. पोरीच्या जातीला कुणी डोंग्यात बसवतं का, असं गाव म्हणायचं. लटारू गावाला एका कानानं ऐकायचा आणि दुसऱ्यानं तलावात सोडून द्यायचा.

कुंता वैनगंगेपलीकडे दिली, तेव्हा मात्र हा गडी रडला नाही. सारा मांडव डोळे पुसत होता आणि हा खाली मान घालून जाळ्याला गाठी मारत बसला होता. ते कुंताला फार लागलं. सासरी चार बाया माहेराच्या गोष्टी काढत, तेव्हा ती घागर उचलून पाण्याला जायची.

देशात मतांची पहिली पेटी फिरून गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाजारातून निरोप आला, की बुढा भरमिष्टला, काही खात नाही. कुंतानं गुळाची भेली घेतली, सोबतीला धाकटा दीर पत्रू घेतला आणि नदी ओलांडली. पाहुणपणाला जायचं म्हणून पत्रूनं नवा फेटा गुंडाळला होता.

आज्याची दुसरी सून, काकू गिरजा, दारातच भेटली. "मलेही वळखत नाई वो बाई. माह्या हातचा घास थुकून देते. तुह्या हातचं खाईल, तू त त्याचा जीव होय."

आजा अंगणात बसला होता, निम्म्यानं उरलेला. कुंतानं पळसाच्या पानावर गूळ ठेवला आणि त्याच्यापुढे सरकवला. म्हाताऱ्यानं गूळ पाहिला, पत्रूचा फेटा पाहिला आणि पाय आखडून घेतले.

"कुंतासाठी आले ना? समजलं मले. उचला थो गूळ. आमाले पोरगी द्याची नाई."

ढिवरांच्या त्या गावात पोरगी मागायला येणारे गूळ आणत. पोरीकडच्यानं खडा तोंडात टाकला की शब्द दिला, मग माघार नाही. पत्रूची मान खाली गेली.

"मामाजी, हेच कुंता होय ना!" गिरजा सासऱ्यावर ओरडली.

"आजा, पाय ना माह्याकडे. मी कुंता होय."

त्यानं पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं.

"बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसता. पर मी कच्चा मानूस आहो. मांडव टाकला त मी जाळं घेऊन बसीन, मान वर नाई करीन. मान वर केली त पोरीले जाऊच नाई देनार."

इतकी वर्षं कुंतानं ज्या माणसाला मनातल्या मनात कोरडा म्हटलं, तो हा. त्याच्या गळ्यात पडावं, मीच ती म्हणून हंबरडा फोडावा, असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिनं डोळे पुसले आणि पाहुण्या बाईसारखा पदर सावरला.

"भाऊ," ती आज्याला म्हणाली, "आमी मागनी वापस घेतली. पोरगी तुमच्यापाशीच राहू द्या. हा गूळ सोयरिकीचा नाई, तसाच खा."

"सपत?"

"सपत."

मग त्यानं तोंड उघडलं. तिनं भरवलं आणि तो अधाशासारखा खात राहिला, बोटं चाटून पानही पुसून घेतलं. गिरजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आता निंगा, बाई," तो म्हणाला. "पोरगी तलावावरून येऊन राह्यली असंन. तुमाले पाहून भेईल."

"राहू दे ना वो त्याले, तू थांब," गिरजा कुजबुजली. पण म्हातारा पुन्हा पाय आखडून घेऊ लागला होता. कुंता उठली. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला त्याच्या पायाही पडता आलं नाही. तो काठी टेकत फाटकापर्यंत पोहोचवायला आला, हात जोडले आणि तलावाकडे तोंड करून त्यानं हाक मारली.

"कुंते वो! ये आता घरी. गेले थे पाहुने."

"आली वो आजा," हे शब्द तिच्या ओठांवर आले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नदीची वाट धरली. मागून हाका येतच होत्या.