पोथीतली केळी

टॅबवर पोथी वाचायची ही आयडिया माझीच होती, आधीच सांगून टाकते!

आमचं गाव चोपड्याजवळ. दर श्रावणात दुपारी मारुतीच्या मंदिरात पोथी लागते आणि वाचतात माझे आजोबा, म्हणजे आबा. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नाही. यंदा मोतीबिंदूमुळे अक्षरं पार पुसट झाली. शेजारचे नाना म्हणायलाच लागले, "आबा, यंदा राहू द्या. मोबाईलवर लाई देऊत, तो आपोआप वाचस." आबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मग मी राहते त्या पिंप्राळ्याहून टॅब घेऊन गावी गेले. तीच पोथी नेटवर सापडली. बोटांनी ताणून एकेक अक्षर बोराएवढं केलं!

सुरुवातीला नुसती मजा. पान उलटायला आबा सवयीने बोटाला थुंकी लावायचे आणि ओलं बोट स्क्रीनवर चालायचंच नाही. अध्याय संपल्यावर पोथी कपाळाला लावतात तसा टॅब लावला, तर कपाळानेच पाच-सहा पानं पुढे! आणि मला भारी वाटलेली गोष्ट म्हणजे, एवढ्या मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर चारच ओव्या मावायच्या. पुढचं आबांनाही दिसायचं नाही. मग तेही ऐकणाऱ्यांसारखंच "आता काय?" असा चेहरा करून वाचायचे.

मग आला केळीचा अध्याय. उपाशी राजा रानात ऋषीकडे येतो, ऋषी त्याला केळी खायला देतो. त्या दिवशी घराघरातून केळी येतात आणि ती ओवी झाली की वाटतात. समोर दोन टोपल्या भरलेल्या. आबा ऋषीपर्यंत आले आणि थांबले.

"दिखत नही का, आबा?" नानांनी विचारलं. मोबाईल खिशातून निघालासुद्धा.

"दिखस ना. बठ्ठं दिखस, म्हनीसनीच थांबनू." आबांनी टॅब माझ्याकडे वळवला. "आठे केळं नही शे. कंदमुळं शे."

इथे केळी नाहीत, कंदमुळं? आधी मला कळेचना. मग आठवलं! कागदी पोथीत त्या पानाचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला आहे, मी लहानपणापासून बघतेय. ती ओवी आबांना कधी पूर्ण वाचताच आली नव्हती. ऋषीने काय दिलं असेल? आबांच्या स्वतःच्या शेतात केळी, त्यांनी केळीच देऊन टाकली. आणि गावाने ती इतकी वर्षं खाल्ली!

मागून एक अक्का म्हणाल्या, "मंग आबा, ह्या टोपल्या काय रानमा लई जाऊत?"

सगळे फुटले. आबा हसले नाहीत. आधी त्यांनी स्क्रीनवरची कंदमुळांची ओवी वाचली, न अडखळता. मग टॅबवरून नजर काढली आणि आपली केळीची म्हटली. ती अख्ख्या मंदिराने सोबत म्हटली. नानांनी मोबाईल खिशात टाकला, एक केळं सोललं. "वाचा आबा पुढे."

घरी आल्यावर आबांनी कागदी पोथी काढली आणि टॅब शेजारी ठेवायला लावला. "आखो कोठे कोठे उंदीर लागनात, दखाड माले."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं एकेक पान ताडून बघतोय, आणखी कुठे कुठे कुरतडलंय ते. काल अजून एक जागा सापडली, जिथे आबा इतकी वर्षं आपल्याच मनाचं म्हणत आलेत. तो अध्याय आज आहे. आबा काय करणार, मला सांगत नाहीयेत.