भिंगं काढलीस न्हवं?

आज गडहिंग्लजला आईचं रक्षाविसर्जन झालं. कोल्हापुरातनं आल्यापासून मी एकदाही रडले नव्हते.

सकाळी घाईत लेन्स लावल्या. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं. लेन्स दिवसभर ठेवली की डोळ्यातलं पाणी लवकर सुकतं, हे डॉक्टरांनी मागंच सांगितलेलं. मी परसात जाऊन त्यांनी दिलेले थेंब घातले आणि गाल पुसत आत आले.

चुलतीनं नेमकं बघितलं. भरल्या घरात म्हणाली, "व्हय गं, आईसाठी औषध घालून रडतीस?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. थेंब लेन्ससाठी होते, पण लेन्समुळं रडू अडत नाही. मला ते आलंच नव्हतं.

आईचा बंद पडलेला मोबाईल आजच कुणीतरी चार्जिंगला लावलेला, तो संध्याकाळी सातला वाजला. गजर होता. मी ऑफिसातनं सुटायच्या वेळेचा तिनं कुणाकडनं तरी लावून घेतलेला. तो वाजला की रोज मला फोन करायची. लेन्सला ती भिंगं म्हणायची. "भिंगं काढलीस न्हवं? डोळ्यास्नी जरा वारा लागू दे की."

मग जे पाणी आलं, त्यात लेन्स सरकल्या, समोरचं काही दिसेना. चुलतीनंच जवळ घेतलं. थोड्या वेळानं हात धुऊन लेन्स काढल्या आणि त्या मोबाईलला सांगितलं, "काढली गं."

उद्या सातला तो गजर परत वाजणार. तुम्ही असता तर बंद केला असता काय?