नवसाचा कोंबडा आणि आमचा टायगर

कुत्र्याला शिस्त लावता येते, हे मी स्वतः सिद्ध केलंय. त्या शिस्तीला आवर घालायची सोय मात्र मला अजून सापडलेली नाही.

आम्ही खरवईत घर घेतलं तेव्हा शेजारी बायजाकाकू आणि त्यांच्या मोकाट गावठी कोंबड्या आधीपासून होत्या. त्यांतला एक तांबडा कोंबडा नवसाचा. मुलगा अंबरनाथच्या कंपनीत पर्मनंट झाला तर देवीला हाच द्यायचा, असं काकू बोलून बसलेल्या. आणि आमचा टायगर? त्याला त्या कोंबड्यात देवी वगैरे दिसत नव्हती, जेवण दिसत होतं!

"भाऊ, तुमचा कुत्रा माझ्या कोंबड्याकडं पाव्हण्यानं ताटाकडं बघावं तसा बघतोय," काकू कुंपणावरून म्हणाल्या.

बायकोने लगेच निकाल दिला. "अहो, त्या कोंबड्याला नुसता ओरखडा जरी आला ना, तर टायगर उल्हासनगरला माझ्या भावाच्या दुकानात जाईल. कायमचा!"

दिवसभर साखळीला बांधलेला टायगर मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. (लग्नानंतर इतकं रडू मला पहिल्यांदाच आलं.) मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि तयारीला लागलो. कुत्र्याला पट्टा लावायचा, कोंबड्यांपासून लांब बसायचं, त्याने कोंबडीवरून नजर काढून आपल्याकडे पाहिलं की बिस्किट द्यायचं. सोपं! मी पट्टा प्लास्टिकच्या खुर्चीला बांधला आणि खुर्चीत बसलो. समोरून कोंबडा गेला. टायगर निघाला, खुर्ची निघाली, मीही निघालो! काकूंच्या अंगणातल्या शेणाच्या ढिगाने आम्हा तिघांना थांबवलं.

"लागलं का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही, नाही!"

"तुम्हाला नाय, कोंबड्याला!"

पण मी हटलो नाही. रोज थोडं जवळ, झेप घेतली की "नाही!", थांबला की बिस्किट. हळूहळू टायगर कोंबड्यांसमोर आडवा पडून घोरायला लागला. पिल्लं त्याच्या पोटाशी उबेला बसू लागली. कोंबडा तर सरळ त्याच्या पाठीवर उभा राहून आरवायचा! मी पार शिरगावपर्यंतच्या सगळ्या ओळखीच्यांना फोटो पाठवले.

तेवढ्यात काकूंचा मुलगा पर्मनंट झाला. नवस फेडायच्या दिवशी मुलगा कोंबडा धरायला टोपली घेऊन आला, आणि टायगर मध्ये उभा राहिला. सगळे दात बाहेर!

"काका, याला बोला ना काहीतरी! देवळात लोक थांबलेत, लेट होतंय."

मी दरडावलं, "टायगर, नाही!" आता या "नाही"चा अर्थ मीच त्याला पक्का शिकवला होता: कोंबड्याला हात लावायचा नाही. तो मुलावर आणखी जोरात गुरगुरला. मी बिस्किट पुढे केलं. त्याने ते तोंडात घेतलं आणि नेऊन कोंबड्यापुढे ठेवलं!

मुलगा भिंतीवर चढला. बायकोने भावाला फोन लावायला मोबाइल हातात घेतला. उल्हासनगर आता अटळ होतं. मी काकूंपुढे हात जोडले. त्यांनी टायगर आणि कोंबडा दोघांकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसत हसल्या.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. देवीनंच राखण बसवलीय. नारळ देते नि कोंबडा देवीच्या नावानं मोकळा सोडते."

खोटं कशाला बोलू, मी टायगरला मिठीच मारली.

तेव्हापासून तो कोंबडा देवीचा. त्याला हाकलायचं नाही, त्याच्यावर ओरडायचंही नाही. त्याचा मुक्काम माझ्या स्कूटरच्या सीटवर असतो. रोज सकाळी मी किल्ली घेऊन जवळ गेलो की तो खाली उडी मारून माझ्या पोटऱ्यांना टोचतो, मी पाय झटकला की टायगर माझ्यावर गुरगुरतो, आणि घरातून बायको ओरडते, "अहो, त्यांना कशाला त्रास देताय? रिक्षाने जा ना!"


मी रिक्षाने जातो. आमच्या आवारात सगळ्यात चांगली शिस्त मलाच लागलीय!