डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर

ऐकतेस ना गं? मीच लावला शेवटी फोन. रागावले आहे मी, पण थोडीच. आजीला वहीची ती पद्धत शिकवलीस आणि हॉस्टेलवर निघून गेलीस. पुढे म्हातारी त्या वहीचं काय करते, हे विचारायला एक फोन नाही तुझा!

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन आपलं आपणच, जमेल तसं. पूर्वी वाचलेलं डोक्यात राहायचं. आता सकाळी वाचलेलं वरणाला फोडणी देईपर्यंत निसटतं. म्हणून तू आखून दिलंस: पानावर उभी रेघ, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि तेही पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. मी नेमानं केलं. कसब्यातल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंची नजर गेली ना, त्यांच्यासाठी. मोबाइलमधली बाई पुस्तकं वाचून दाखवते, ते त्यांना सोसत नाही. "त्या बाईला कुठं थांबायचं ते कळत नाही," म्हणतात. म्हणून दर गुरुवारी मी मांजरीहून बसनं जाते आणि वाचलेलं त्यांना सांगते. आठवडाभर त्या तेवढ्याचीच वाट बघतात.

मध्यंतरी एक कादंबरी सांगत होते. तिच्यातली बाई घर सोडून गेलेली, आणि कितीतरी वर्षांनी परत येते. तिथं मी गोष्ट थांबवली. उरलेलं पुढच्या खेपेला, म्हटलं. माझं वाचून झालंच होतं, म्हणून पुस्तक सोसायटीच्या कपाटात ठेवून दिलं. तिथं नोंद नाही, काही नाही. कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं.

पुढच्या गुरुवारी जाऊबाईंनी चहाआधीच विचारलं, "ती परत का आली गं?"

मी वही उघडली. डावीकडे माझ्याच अक्षरात, 'ती परत का आली?' उजवीकडे, 'कारण पटलं. बरोबरच केलं तिनं.'

एवढंच. कारण काय, ते नाहीच. आपल्या शब्दांत लिही म्हणालीस ना, मग हे माझे शब्द! पुस्तकाचं नावही नाही. तेव्हा वाटलं, हे कोण विसरेल?

मी आपलं रचून सांगितलं, मुलीच्या लग्नासाठी आली म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे पुस्तकातलं नाही, हे तुझं. तू रचलेल्या सगळ्या बायका लग्नालाच कशा जातात?" हसल्या मात्र नाहीत. "खरं काय ते आण. मला डोळे असते तर तुला विचारलं नसतं."

घरी येऊन कपाट पाहिलं. पुस्तक गेलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'निळं पुस्तक, बाई परत येते, कोणाकडे आहे?' तीन अंगठे आले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, 'कोणत्या विंगमधली बाई?'

काय करू, सांग. तिचं पिवळं लुगडं आठवतं, अंगणातला हौद आठवतो, वाचताना मी रडले तेही आठवतं. तेवढं कारण मात्र हाताला लागत नाही. मागच्या गुरुवारी गुडघा दुखतोय, येत नाही, म्हणून कळवलं. त्यांच्याशी असं खोटं कधी बोलले नव्हते. "बरं, जप," म्हणाल्या, आणि कुठला गुडघा ते विचारलं.

परवा पुन्हा गुरुवार. पुस्तक शोधून दे असं नाही म्हणत मी. पण मला आठवत नाही, हे त्यांना तोंडावर सांगायला एकटीनं जाववत नाही गं. तू उद्याच ये. राहायलाच ये.