टाइस्टोचा सरळ खांब

कुइवास्यार्वी गावाच्या शिकारमंडळात चौदा रायफली होत्या आणि त्या चौदाही रायफलींवरच्या दुर्बिणी गेल्या तीन वर्षांत टाइस्टो केम्पाइनेनने नव्याने बसवलेल्या होत्या. हे काम त्याच्याकडे कोणी सोपवलेले नव्हते. जो माणूस दुसऱ्याच्या हातातला पाना काढून घेतो, त्याला लोक कालांतराने मिस्त्री म्हणू लागतात, इतकेच.

त्याची पद्धत ठरलेली होती. अंगणातल्या बाकावर रायफल शिकंज्यात आवळायची, पाणसळ ठेवून ती सपाट करायची, दुर्बीण कड्यांत सैल बसवायची आणि तिच्यातून कुंपणाजवळच्या ध्वजाच्या खांबाकडे पाहायचे. दुर्बिणीतल्या फुलीची उभी रेघ त्या पांढऱ्या खांबावर तंतोतंत आली, की स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे पिळायचे. खांब त्याने स्वतः उभा केला होता, सोळा वर्षांपूर्वी, ओळंबा लावून. तेव्हापासून त्याला पुन्हा ओळंबा लावण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती. म्हणजे टाइस्टोला वाटली नव्हती.

त्याची बायको हेल्वी मात्र चार उन्हाळे सांगत होती, "अहो, झेंडा उतरवताना दोरी पूर्वी पायरीवर पडायची, आता माझ्या बेरीच्या झुडपात पडते."

"वारा असतो," टाइस्टो म्हणायचा.

"चार वर्षं एकाच बाजूने?"

त्यावर तो कॉफी ओतून घ्यायचा. त्याच्या घरातले बरेचसे वाद असेच निकालात निघत.

त्या वर्षी त्याच्या नेमबाजीच्या दाखल्याची मुदत संपली होती आणि ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी परीक्षेचा शेवटचा दिवस होता. पंचाहत्तर मीटरांवर मूस या थोराड हरणाचे चित्र, दीड मिनिटात चार गोळ्या, चारही जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात. नापास झालेल्याने रायफल घरी ठेवून हाकाऱ्यांबरोबर झुडपे बडवत फिरायचे. तेही टाइस्टोने सोसले असते. पण दलदलीकाठची सात नंबरची जागा, जिथे आधी त्याचे वडील आणि नंतर एकतीस वर्षे तो स्वतः बसत आला होता, ती मंडळाचा प्रमुख वेइक्को आपल्या जावयाला देणार होता. जावई औलू शहरातला होता आणि जंगलात येताना छत्री आणायचा.

परीक्षा घ्यायला शेजारच्या मंडळाची हिल्क्का मोइलानेन आली होती. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. एकेक जण बार काढून पास होत गेला. सहावा उठल्यावर तिने दप्तर मिटले.

"एक विचारू? तुम्ही सगळे रायफल उजवीकडे कलती का धरता?"

"कोण, आम्ही?" वेइक्को म्हणाला.

"सगळेच. कावळा हाडाकडे बघतो ना, तसे."

माणसे हसली. टाइस्टो हसला नाही, कारण सातवा नंबर त्याचा होता. आडवा पडल्यावर त्याने हट्टाने रायफल अगदी सरळ धरली. तेव्हा आतली फुली कलली. फुली सरळ केली, तर रायफल कलली. अशी देवाणघेवाण करण्यात मिनिट गेले आणि उरलेल्या वेळात त्याने चार गोळ्या घाईघाईने उडवल्या. दोन ताटलीबाहेर गेल्या, त्यांतली एक मूसच्या शेपटाजवळ.

"जावयाला कळवू का?" वेइक्कोने विचारले.

"परीक्षा सहापर्यंत आहे," टाइस्टो म्हणाला आणि गाडीत बसला.

घरी येऊन त्याने ओळंबा काढला आणि खांबापासून हातभर अंतरावर धरला. दोरी आणि खांब यांच्यात एक पाचर उभी राहिली, वर अरुंद, खाली रुंद. हिवाळ्यात गोठणाऱ्या जमिनीने खांबाचा पाया एका बाजूने उचलला होता आणि हे काम तिने टाइस्टोला न विचारता केले होते.

हेल्वी पायरीवर येऊन उभी राहिली. तिने ओळंब्याकडे पाहिले आणि मग आपल्या झुडपाकडे. ते त्याला फार लागले.

परत जावे की नाही, याचा त्याने गाडीत बसून बराच वेळ विचार केला. गप्प राहून दुर्बीण घरीच सरळ करता आली असती. पण ती पुन्हा नेमावर आणायला चाचणीच्या गोळ्या मैदानावरच, सगळ्यांसमोर झाडाव्या लागणार होत्या. सव्वापाचला तो मैदानावर उतरला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला,

"खांब कलला आहे."

"कुठला खांब?" वेइक्को म्हणाला. मग त्याच्या लक्षात आले. "अरे देवा! म्हणजे आम्ही सगळे..."

"सगळे."

"तरीच लग्नाच्या फोटोत मी वाकडा दिसतो!"

"ते लग्न माझ्या खांबाच्या आधीचं आहे."

हास्याचा भर ओसरल्यावर हिल्क्का म्हणाली, "या अंतरावर त्याने काही बिघडत नाही. हे सहा जण पास झालेच की. तुम्हाला मी बोलायलाच नको होतं."

"बोललात ते बरं केलंत," टाइस्टो म्हणाला. असे वाक्य त्याच्या तोंडून निघाल्याची मंडळात नोंद नव्हती. त्याने शेडच्या वळचणीला ओळंबा टांगला, कडी सैल केली, रेघ दोरीवर आणली आणि स्क्रू आलटूनपालटून पिळले. पाच गोळ्यांत नेम बसवला. सहाला आठ मिनिटे असताना त्याने चार बार काढले. चारही ताटलीत गेले; एक कडेवर होता, पण हिल्क्काने बोट लावून तो आत धरला.

"आता आणा एकेक," टाइस्टो उत्साहाने म्हणाला. "तुमच्याही सरळ करून देतो."

माणसांनी एकमेकांकडे पाहिले.

"नको रे बाबा," वेइक्को म्हणाला. "गोळी लागते आहे. आता या वयात सरळ कोण होणार?"

ऑक्टोबरात टाइस्टो सात नंबरवर बसला. शिकारीच्या झोपडीत त्या हंगामाचा फोटो लावलेला आहे: चौदा माणसे, नेम धरलेल्या चौदा रायफली. तेरा उजवीकडे शिस्तीने कललेल्या, एक ताठ. नवा पाहुणा आला, की फोटोसमोर थांबतो आणि हमखास विचारतो, "या एकानेच रायफल वाकडी का धरली आहे?"