मुक्ताचे हात

त्या गुरुवारी मी दत्ताच्या देवळात गेले ती देवाशी भांडायलाच. माझी मुक्ता बावीस वर्षांची. तिला जन्मापासून प्रेडर-विली नावाचा दुर्मिळ जनुकीय आजार आहे. पोट भरलं, हे तिला कळतच नाही. आमच्या स्वयंपाकघराला कुलूप असतं. तरी डोळा चुकवून खाणं व्हायचंच, आणि त्यातून मधुमेहही मागे लागला. मनाविरुद्ध झालं की किंचाळायची, अस्वस्थ झाली की स्वतःच्या हाताची कातडी ओरबाडायची. मनगटावरची जखम तीन महिने भरत नव्हती. "खपली काढणं थांबलं नाही तर हात धोक्यात येईल," असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. इतकी वर्षं मी एकच मागत होते, हिची भूक जाऊ दे. देवानं ऐकलं नव्हतं.

आमच्या हिंदीभाषी शहरातल्या राजवाड्याच्या गर्दीतून आम्ही दोघी देवळाच्या पायऱ्यांशी पोचलो. एका बाईंच्या ताटात पेढे होते. मी चपला काढेपर्यंत मुक्तानं चार पेढे तोंडात कोंबले. मी हात धरला, तशी ती पायरीवर बसून किंचाळू लागली, खपली ओढून काढली, रक्त आलं. लोक जमले. "इतनी बड़ी लड़की, कुछ सिखाया नहीं क्या?" कुणीतरी म्हणालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पायरीशी हार विकणारी एक म्हातारी उठली. लोकांना तिनं हातानंच पांगवलं आणि मुक्ताशेजारी फतकल मारून बसली. रागावली नाही, समजावलंही नाही. ओरडणं ओसरल्यावर डोळे बारीक करत सुई-दोरा पुढे करून म्हणाली, "बेटा, म्हारे दिखे नी. सुई में डोरो डाल दे."

मुक्तानं हुंदके देत दोरा ओवला. मग झेंडूचं एक फूल, मग दुसरं. बघता बघता तिचा अख्खा हार झाला. "आई, देख ना, सगळी फुलं सारखी!" तेवढ्या वेळात तिचा हात एकदाही जखमेकडे गेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीकडून आमच्या घरी फुलांची टोपली येऊ लागली. घड्याळ लावून जेवण आणि मधल्या वेळात हार. दोन महिन्यांनी जखम भरली. शुगरही थोडी आटोक्यात आली. भूक आहे तशीच आहे, कुलूपही आहे. परवाच तिनं रागाच्या भरात टोपली भिरकावली. तरी घरात आता हसूही ऐकू येतं.

एकदा मी म्हातारीला विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" ती हसली. "सूझनो कई, बेन? सच्ची में नी दिख रियो थो."

तिला खरंच सुईचं भोक दिसत नव्हतं, म्हणून तिनं मुक्ताला दोरा ओवायला सांगितला होता, एवढंच. मी ज्या दाराशी वर्षानुवर्षं धडका देत होते, ते देवानं उघडलं नाही, शेजारचं उघडलं. ते मला माझ्या हट्टापायी दिसलंच नसतं. आता गुरुवारी दत्ताच्या गळ्यात माझ्या लेकीनं ओवलेला हार असतो. मी हात जोडते, डोळे भरून बघते, आणि काही न मागता घरी येते.